तुझी रँक किती?

जून महिन्यातली गोष्ट. आमच्या वस्तीत विहारामागं पत्र्याची एक खोली आहे, तिला आम्ही अभ्यासिका म्हणतो. दोन पंखे, चार ट्यूबलाइट, भिंतीवर बाबासाहेब आणि खाली सतरंजीवर पंधरा-वीस पोरं. त्या रात्री कुणी अभ्यास करत नव्हतं. भांडण पेटलं होतं. कशावरून? तर विज्ञान-तंत्रज्ञानाची देशातली एक नंबरची संस्था कोणती यावरून.

भांडणाचं मूळ माझी भाची. बारावी झाली, प्रवेश परीक्षा झाली, रँक आली. वस्तीतली पहिलीच पोरगी. आता कॉम्प्युटरवर संस्थांचा पसंतीक्रम भरायचा होता आणि मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत.

एक पोरगा मोबाईल नाचवत म्हणाला, "यात बोलायचं काय? सरकारची यादी हाय. इंजिनिअरिंगला मद्रास एक, दिल्ली दोन, मुंबई तीन. जितकं वर लागंल तितकं वर जायाचं. विषय खल्लास."

दुसरा म्हणाला, "नंबर घिऊन काय चाटायचा? नावाच्या कॉलेजात नको ती ब्रँच घ्यायची आन् चार वर्षं रडायचं. त्यापरीस बारक्या कॉलेजात हवी ती घ्यावी."

तिसरा आमचा कार्यकर्ता. पोटतिडकीनं बोलतो. "ह्या याद्या कुणी बनवल्या? त्याहीनंच. त्याहीच्याच पोरांसाठी. आपण कामून त्याहीच्या शिडीवर चढायचं? रोहित वेमुलालाबी विज्ञानावरच लिहायचं व्हतं ना? काय झालं?"

खोली गप्प झाली. हैदराबादचं विद्यापीठ, १७ जानेवारी २०१६. तारीख कुणाला सांगावी लागली नाही.

दारात माझी बहीण उभी होती. भाकरीचं पीठ हाताला तसंच. ती म्हणाली, "दादा, लेकरू लांब गेलं तरी चालंल. पर जितं ऱ्हायलं पाह्यजे."

भाचीनं माझ्याकडं बघितलं. "मामा, तुम्हीच सांगा. तुम्ही तर तसल्या ठिकाणी राहून आलात."

मी म्हणालो, "सकाळी सांगतो," आणि उठलो. दोस्तहो, खरं लिहायचं तर मी पळालो. मी तिथं राहून आलो हे वस्तीला माहीत आहे. परत का आलो हे माहीत नाही. पस्तीस वर्षं मी सांगत आलोय की कावीळ झाली होती.

मला कावीळ झाली नव्हती.

*

१९८८ साल. परभणी जिल्ह्यातलं गाव. बाप रेल्वेत गँगमन, माय रोजानं शेतात. देशातल्या एका मोठ्या तंत्रविज्ञान संस्थेचं पत्र आलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, तिथंच तसं असंल, आणि बाकीच्या सुटतील. पत्र इंग्रजीत. गावात इंग्रजी जाणणारे एकच गृहस्थ. त्यांनी ओसरीवरून पत्र वाचलं आणि म्हणाले, "कोट्यातलं दिसतंय."

बापानं विचारलं, "कोटा म्हंजी?"

"म्हणजे फुकट."

बाप काही बोलला नाही. आयुष्यभर रुळाखालची खडी ठोकलेला माणूस. फुकट काय असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

आधी एक वर्ष तयारीचा वर्ग, तो पास झालो तर पुढं पहिल्या वर्षाला प्रवेश, असा तो प्रकार होता. हॉस्टेलवर पहिल्या रात्री मोठी पोरं खोलीत आली. नाव विचारलं, गाव विचारलं आणि मग विचारलं, "तुझी रँक किती?"

मला वाटलं, सहज विचारतायत. पुढं कळलं. तिथं जात कुणी विचारत नाही. सुशिक्षित माणसं! ती रँक विचारतात. रँक सांगितली की जात कळते. नाही सांगितली तरी कळते. त्या रात्री मी खाली बघितलं आणि माझी ओळख परेड संपली.

रात्री मेसमधून आल्यावर कॉरिडॉरमध्ये चर्चा चालायच्या. तेव्हा आयआयटी पाचच. त्यांत मोठी कोण? खरगपूर सगळ्यांत जुनी. कानपूरला अमेरिकेची मदत, कॉम्प्युटर तिथं आधी आला. मुंबईला रशियाची, मद्रासला जर्मनीची, दिल्लीला इंग्लंडची. मग गाडी समुद्रापार जायची. एमआयटी मोठी की कॅलटेक? स्टॅनफर्ड कुठं बसवायचं? पोरं अमेरिकेतल्या विद्यापीठांची नावं बारा ज्योतिर्लिंगं म्हणावीत तशी म्हणायची. मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकायचो. मला वाटायचं ही पोरं विज्ञानाबद्दल बोलतायत. फार उशिरा ध्यानात आलं, ही तर सोयरिकीची बोलणी चाललीत. घराणं कोणतं, कूळ कोणतं, आपल्यापेक्षा वरचं की खालचं. फिजिक्सचा त्यात शब्द नव्हता.

प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप होता. हिरव्या पडद्यावर वीज लाटेसारखी पळताना दिसते ते यंत्र. मी ते फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं. दोघांत एक यंत्र. माझा जोडीदार शहरातला, शांत स्वभावाचा, कधी वाकडा शब्द बोलला नाही. पहिल्या दिवशी मी बटणाकडं हात नेला तसा तो म्हणाला, "तू रीडिंग लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

सबंध वर्ष मी रीडिंग लिहिली. प्रात्यक्षिक परीक्षेला एकट्याला यंत्रापुढं उभं केलं. पडद्यावर एक हिरवा ठिपका. तो काही केल्या हलेना. कोणतं बटण कशाचं ते ठाऊक नाही. वीस मिनिटं मी त्या ठिपक्याकडं बघत उभा होतो.

दुसऱ्या वर्षी मंडल आलं. ऑगस्ट १९९० मध्ये वि. प्र. सिंगांनी मंडल आयोग लागू करण्याची घोषणा केली आणि उत्तरेत मोठ्या कॉलेजांतली पोरं निषेध म्हणून हातात झाडू घेऊन, बूट पॉलिशच्या पेट्या घेऊन रस्त्यावर बसली. आमच्या हॉस्टेलवर पेपरातले ते फोटो भिंतीला चिकटवलेले. माझी चुलती परभणीत झाडूकामाला होती. त्यांचं ते सोंग होतं. तिचं ते पोट होतं.

तीन विषयांत नापास झालो. एका प्राध्यापकांकडं गेलो. माणूस दुष्ट नव्हता. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "तुम्हा लोकांना इथं आणून सरकार तुमच्यावरच अन्याय करतं. या संस्थेचं एक नाव आहे. ते आम्हाला सांभाळावं लागतं." मी पाणी प्यालो. डिसेंबरात ट्रंक घेऊन गाडीत बसलो. परभणी स्टेशन येईपर्यंत कावीळ ठरवून ठेवली होती.

*

पुढल्या वर्षी औरंगाबादेत बी.एस्सी.ला नाव घातलं. आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे, तेव्हा औरंगाबादच. कॉलेज साधं, कुठल्या यादीत नसलेलं. प्रयोगशाळेत एक जुनापुराणा ऑसिलोस्कोप. मी सवयीनं वही उघडून रीडिंग लिहायला बसलो. तिथला शिपाई, आपलाच माणूस, म्हणाला, "आरं, हात लाव की. मोडलं तर मोडलं. आधीच मोडकं हाय."

मी हात लावला. ठिपक्याची रेघ झाली. रेघेची लाट झाली.

इथं थांबून टाळ्या घेता येतील. बघा, त्यांची ती संस्था आणि बघा आपलं हे कॉलेज! पण खोटं बोलू नये. त्या कॉलेजात वीस पोरांत एक यंत्र आणि तेही महिन्यातून पंधरा दिवस बंद. ग्रंथालयात नवी संशोधनपत्रिका नाही. मी शाळामास्तर झालो. चांगला झालो. पुण्याच्या जुन्या बाजारातून भंगारातला एक ऑसिलोस्कोप आणून, दुरुस्त करून शाळेत ठेवला. पण मला जे व्हायचं होतं ते मी झालो नाही. एका ठिकाणी यंत्र होतं, हात लावू देत नव्हते. दुसऱ्या ठिकाणी हात लावू देत होते, यंत्र धड नव्हतं. आपल्या किती जणांची उमेद या दोन ठिकाणांमधल्या रस्त्यावर गेली, याची यादी कुणी केली नाही.

*

त्या रात्री झोप आली नाही. मोबाईलवर याद्या बघत बसलो. मी विज्ञानाचा मास्तर. मोजमाप दिसलं की पहिला प्रश्न, पट्टी कुणाची?

२०१४ साल घ्या. जगातलं एक नंबरचं विद्यापीठ कोणतं? टाइम्स हायर एज्युकेशनच्या यादीत कॅलटेक. क्यूएसच्या यादीत एमआयटी. शांघायच्या यादीत हार्वर्ड. एकाच साली तीन एक नंबर! कारण प्रत्येकाची पट्टी निराळी. शांघायवाले २००३ पासून यादी काढतात, ते नोबेल मोजतात, 'नेचर' आणि 'सायन्स' या पत्रिकांतले लेख मोजतात. क्यूएसवाले तेव्हा शंभरातले पन्नास गुण लोकांच्या मतांवर द्यायचे. चाळीस प्राध्यापकांच्या मताला, दहा नोकऱ्या देणाऱ्यांच्या मताला. म्हणजे निम्मी यादी 'ऐकून आहे' यावर.

आणखी गंमत बघा. २०२० साली आपल्याच सात आयआयटींनी टाइम्सच्या यादीवर बहिष्कार टाकला. का? तर मोजण्याची रीत पारदर्शक नाही. वाचून मला अंधारात हसू आलं. पट्टी आपल्याला खाली दाखवायला लागली की पट्टी तपासायची असते, हे त्यांनाही कळतं. मग तीन तासांच्या परीक्षेची पट्टी, हजारो रुपयांच्या क्लासची पट्टी जरा तपासा असं आपण म्हटलं की गुणवत्तेचा अपमान कसा काय होतो?

मग सरकारची यादी. तिचं नाव एनआयआरएफ. २०१५ साली योजना आली, २०१६ साली पहिली यादी. मी ज्या वर्षांची पट्टी वाचली तिच्यात शंभर गुणांची वाटणी अशी : शिकवणं आणि साधनं ३०, संशोधन ३०, विद्यार्थ्यांचा निकाल आणि त्यांचं पुढं काय झालं याला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकांमधल्या प्रतिमेला १०. त्या सर्वसमावेशकतेच्या दहाची पुन्हा फोड. परराज्यांतली-परदेशांतली पोरं ३, स्त्रिया ३, अपंगांच्या सोयी २ आणि आर्थिक-सामाजिक दृष्ट्या मागास विद्यार्थी २. हे दोन तरी कसे द्यायचे? तर किती पोरांची पूर्ण फी संस्थेनं भरली, यावरून.

शंभरात दोन. लोकांना तुमच्याबद्दल काय वाटतं याला दहा आणि गरिबाचं पोर फी न भरता शिकतं का याला दोन. इभ्रत आपल्या पोराच्या पाचपट जड!

पोरं वेळेत पास होतात का हेही मोजतात, नाही असं नाही. पण त्यातली आपली किती, मधेच उठून गेली ती कोण, हे क्रमांकात दिसत नाही. डिसेंबरात ट्रंक घेऊन गाडीत बसलेला पोरगा टक्केवारीच्या दशांशात विरघळून जातो.

दिल्लीच्या एम्सचं बघा. तिथल्या जातिभेदाच्या तक्रारींवर सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ साली अहवाल आला. वसतिगृहात दलित-आदिवासी पोरं कशी वेगळ्या मजल्यांवर ढकलली गेली, शिक्षकांची वागणूक कशी, हे त्यात आलं. वाद झाला. पुढं २०१८ साली वैद्यकीय संस्थांची सरकारी यादी सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी एम्स पहिली. ते चूक असं मी म्हणत नाही. तिथले डॉक्टर मोठेच आहेत, आपलीही माणसं जीव वाचवायला तिथं रांगा लावतात. मी एवढंच म्हणतो, थोरातांच्या समितीनं जे लिहिलं ते मोजायला त्या यादीत रकानाच नाही.

*

मग आमच्या कार्यकर्त्याचंच खरं का? ही शिडीच नको?

इथं बाबासाहेब आडवे येतात. १९४२ साली त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन दिलं. त्यात त्यांचं म्हणणं असं की कला आणि कायदा शिकून आपल्या लोकांचं फारसं भागणार नाही, वरच्या दर्जाचं विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकलं पाहिजे. ते शिक्षण महाग आहे, म्हणून आपली पोरं स्वस्त वाटेनं जातात. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे लिहितो! आणि नुसतं लिहीत नाही, हिशोब मांडतो. अलीगढ आणि बनारसच्या विद्यापीठांना दरसाल तीन-तीन लाख देता ना? मग आमच्या पोरांना इथं विज्ञान-तंत्रज्ञान शिकायला दोन लाख द्या आणि परदेशात शिकायला एक लाख. धनबादच्या खाणशास्त्राच्या संस्थेत शिरकाव मागितला. रेल्वेच्या कारखान्यांत, सरकारी छापखान्यांत उमेदवारी मागितली. त्यांनी शिडी मोडा म्हटलं नाही. शिडी सरकारच्या पैशाची आहे, आमचा हिस्सा द्या म्हटलं.

पुढं काय झालं? १९५१ साली खरगपूरला पहिली आयआयटी निघाली. दहा वर्षांत पाच झाल्या. आपल्यासाठी राखीव जागा कधी आल्या? १९७३ साली. बावीस वर्षं! तेवढ्यात त्यांची पहिली पिढी अमेरिकेत स्थिरावली, नाव झालं, दबदबा झाला. मग आपण दारात गेलो तर म्हणाले, तुमच्यामुळं नाव खाली येतं.

२०१९ साली केंद्रीय शिक्षणसंस्थांत प्राध्यापकांच्या जागांवर आरक्षणाचा कायदा झाला. चांगला झाला. पण मागं एक परिशिष्ट जोडलं आणि काही संस्था वगळल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि अशा आणखी काही. का? तर त्या उत्कृष्टतेच्या, संशोधनाच्या, राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था. म्हणजे उत्कृष्टता सुरू झाली की आपण संपतो, हे आता कायद्यातच छापून आलं. आपणच जायचं नाही म्हटलं तर त्यांना परिशिष्टाचाही त्रास नको.

आणि नावात काय असतं, असं आपण मराठवाड्याच्या माणसांनी तरी म्हणू नये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्यानंतरच्या रात्री आमच्या वस्तीनं शेतात काढल्या. मायनं माझ्या तोंडावर हात दाबून धरलेला आठवतो. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळ्यांना मारून टाकलं. सोळा वर्षं गेली. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं आणि त्याच उन्हाळ्यात मी बी.एस्सी. झालो. माझ्या पदवीवर ते नाव आहे. गावातले लोक म्हणायचे, असल्या नावाच्या पदवीला बाजारात कोण विचारतंय? तेव्हाच कळलं, विद्यापीठाची इभ्रत कुणाच्या डोळ्यांनी ठरते. देशाच्या यादीत ते विद्यापीठ वरच्या पायऱ्यांवर नाही. पण त्याच्या नावासाठी माणसांनी जी किंमत दिली, ती मोजणारी पट्टी ना शांघायकडं आहे ना दिल्लीकडं.

*

सकाळी बहिणीच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. रँक सांगितली, रीडिंग सांगितली, हिरवा ठिपका सांगितला. कावीळ नव्हती हे पण सांगितलं.

बहीण चुलीजवळून म्हणाली, "मायला ठावं व्हतं. मलाबी. कावीळ झालेलं माणूस तेलकट खातं व्हय?"

मी भाचीला म्हणालो, "तिथं गेलीस तर पहिल्या रात्री कुणीतरी रँक विचारंल. खाली बघू नको. सांग. जात विचारली तर ती पण सांग. आणि प्रयोगशाळेत कुणी म्हणालं की तुझं अक्षर चांगलं आहे, तू रीडिंग लिही..."

ती मधेच म्हणाली, "मामा, तो ठिपका कसा हलवायचा ते मला येतं. तुमच्या शाळेतल्या यंत्रावर सातवीतच शिकलेय."

मला पुढं बोलता आलं नाही. दुपारी तिनं पसंतीक्रम भरला. वर जुनी मोठी संस्था आणि हवी ती शाखा, खाली दुसरी मोठी, त्याच्या खाली जवळचं कॉलेज. भरताना तिनं मला विचारलं नाही, ते बरंच केलं.

आता तुम्हाला सांगायचं ते हे. दरसाल जूनमध्ये आपल्या प्रत्येक वस्तीत हे भांडण होतं आणि आपण त्यांच्या याद्या समोर धरून भांडतो. आपली यादी का नाही? तुमच्या ओळखीचं जे पोर कुठल्याही विज्ञान संस्थेत शिकून आलं, किंवा मधेच परत आलं, त्याच्याकडं जा. विशेषतः मधेच परत आलेल्याकडं. त्याला विचारा. तिथं आपली किती पोरं गेली आणि किती पदवी घेऊन बाहेर पडली? शिकवणाऱ्यांत आपलं कुणी आहे का? शिष्यवृत्ती कितव्या महिन्यात हातात पडते? नापास झालेल्याच्या पाठीवर हात कोण ठेवतं? प्रयोगशाळेत यंत्र कोण चालवतं आणि रीडिंग कोण लिहितं? आपल्या पोरांचं मंडळ आहे का आणि ते चालू देतात का? एक नंबरच्या मद्रासच्या आयआयटीत २०१५ साली आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कलची मान्यता काढली होती आणि देशभर आवाज उठला तेव्हा ती परत मिळाली. हे पण त्या यादीत लिहा. मान्यता काढली ते पण आणि परत मिळवली ते पण.

ही उत्तरं कागदावर आणा आणि अभ्यासिकेच्या भिंतीला लावा. पोरांना जाऊ नका म्हणायला नव्हे. तिथं काय आहे हे ठाऊक असून जाता यावं म्हणून. मी गेलो तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं आणि परत आल्यावर मीही कुणाला सांगितलं नाही. पस्तीस वर्षांत माझ्या मागून गेलेल्या किती पोरांना माझ्या त्या काविळीनं अंधारात ठेवलं असेल?

यादीतलं पहिलं उत्तर माझं धरा. गेलो १९८८, परत आलो १९९०. कारण : यंत्राला हात लावू दिला नाही आणि मी मागितला नाही.

जयभीम.